बरणीतला संन्यासी खेकडा

मालवण-तारकर्लीच्या सहलीहून परतलेल्या मुलांनी गोळा केलेल्या शंखांतला एखादा शंख टेबलावर चालू लागतो. मग आतल्या संन्यासी खेकड्याची, म्हणजे हर्मिट क्रॅबची, रवानगी वर्गातल्या बरणीत होते. "हा प्राणी पाळायला सोपा, जोडी ठेवली तर पिल्लेही होतील," असेही कोणी सांगते. चित्रापेक्षा जिवंत प्राणी बरा, हा शिक्षकांचा हेतू आम्हाला मान्य आहे. हा सल्ला मात्र शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही.

पहिली गफलत ओळखण्यात होते. परदेशी बाजारात पाळण्यासाठी विकले जाणारे खेकडे सीनोबिटा या प्रजातीचे असतात. प्रौढपणी ते जमिनीवर राहतात. तरीही कल्ले ओलसर राहण्यासाठी त्यांना दमट हवा लागतेच. मालवणच्या खडकांतल्या डबक्यांत आढळतात ते बहुतेक क्लिबॅनॅरियस किंवा डायोजिनीस या प्रजातींचे, म्हणजे समुद्रातच राहणारे. त्यांना खारे, खेळते पाणी हवे. नळाच्या पाण्यात ते जगत नाहीत.

दुसरा मुद्दा पिल्लांचा. मादी अंडी शंखाच्या आत, आपल्या पोटाच्या उपांगांना चिकटवून वाहते. जमिनीवर राहणारी मादीसुद्धा अंडी फुटण्याच्या सुमारास समुद्राच्या काठाशी येते, कारण डिंभ वाढतात ते समुद्राच्या पाण्यातच. अंड्यातून बाहेर पडणारा झोइया डिंभ खेकड्यासारखा दिसतही नाही. प्लवकांत तरंगत, पुन्हा पुन्हा कात टाकत तो मेगॅलोपा अवस्थेला पोचतो आणि तेव्हा कुठे इवलासा शंख शोधू लागतो. बरणीत यातले काय घडणार?

बंदिवासात पैदास अशक्य आहे, असे मात्र नाही. प्रोव्हेन्झानो या अमेरिकी संशोधकाने कॅरिबियन भागातल्या सीनोबिटाच्या डिंभांची वाढ प्रयोगशाळेत करून तिचे वर्णन १९६२ साली प्रसिद्ध केले. अलीकडे काही हौशी पालकांनाही यश आले आहे. पण त्यासाठी ठराविक तापमानाचे, सतत हलते खारे पाणी आणि सूक्ष्म जिवंत खाद्य कित्येक आठवडे पुरवावे लागते. एवढे करूनही बहुतेक डिंभ मरतात. म्हणूनच पाळीव म्हणून विकला जाणारा जवळजवळ प्रत्येक खेकडा कुठल्या तरी किनाऱ्यावरून पकडलेला असतो. गाय किंवा कोंबडी ज्या अर्थाने पाळीव, त्या अर्थाने हा पाळीव नव्हे.

कायद्याचीही बाजू आहे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. अभयारण्यातून परवानगीशिवाय प्राणी उचलणे हा गुन्हा आहे, हे सहलीपूर्वीच मुलांना सांगायला हवे.

मग शिकवायचे कसे? वर्गच किनाऱ्यावर न्यावा. ओहोटीच्या वेळी तिथलेच रिकामे शंख, लहानमोठे, डबक्याच्या काठाशी उथळ पाण्यात ठेवावेत आणि शांतपणे पाहावे. खेकडा नव्या शंखाचे तोंड नांगीने चाचपतो का? शंख बदलतो का? त्याने सोडलेला शंख दुसरा कोणी घेतो का? एकाच डबक्यात किती खेकडे आहेत? मोजल्यावर मुलांनाच कळेल, की संन्यासी हे नाव त्याला फारसे शोभत नाही.

निघताना ते रिकामे शंखही तिथेच ठेवावेत. हा खेकडा स्वतःचा शंख तयार करत नाही. वाढत्या शरीरासाठी त्याला मोठा शंख मिळावाच लागतो.