बेकन : शब्द आणि सत्ता

फ्रान्सिस बेकन (१५६१–१६२६) याच्या चरित्राचे दोन तुकडे करण्याची प्रथा जुनी आहे. मेकॉलेने १८३७ मधील आपल्या निबंधात ज्ञानमार्गाचा प्रणेता बेकन वंद्य आणि राजपुरुष बेकन निंद्य ठरविला. स्पेडिंगने बेकनची पत्रे व चरित्र सात खंडांत (१८६१–७४) प्रसिद्ध करून राजपुरुषाची बाजू मांडली. तथापि वादाची चौकट तीच राहिली. भाषेच्या अंगाने विचार केला असता ही विभागणी टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१६०७ साली सॉलिसिटर जनरल, १६१३ साली ॲटर्नी जनरल आणि १६१८ साली लॉर्ड चॅन्सेलर, अशी पदे बेकनने क्रमाने मिळविली. सत्तेच्या या शिखरावर असतानाच, १६२० मध्ये, त्याचा ‘नोव्हम ऑर्गनम’ हा लॅटिन ग्रंथ निघाला. मानवी बुद्धीला भुलविणाऱ्या चार प्रकारच्या ‘मूर्ती’ त्याने तेथे वर्णिल्या असून, त्यांपैकी बाजारातील, म्हणजे व्यवहारातील शब्दांतून उपजणाऱ्या, मूर्ती सर्वांत उपद्रवी मानल्या आहेत. ‘ओलसर’ या साध्या शब्दाखाली किती भिन्न गुणधर्म एकत्र कोंबले जातात, हे त्याने मोठ्या मार्मिकतेने दाखविले आहे.

पुढच्याच वर्षी पक्षकारांकडून द्रव्य घेतल्याचा आरोप त्याच्यावर आला. न्यायाधीशास ‘भेट’ देण्याची त्या काळी रूढीच होती, आणि तक्रारदारांत द्रव्य देऊनही निकाल विरुद्ध गेलेले पक्षकार होते. आपण न्याय विकला नाही, ही बेकनची भूमिका म्हणूनच सर्वस्वी पोकळ नव्हे. परंतु ‘भेट’ या एका शब्दात सौजन्य, रूढी आणि लाच ही तिन्ही नांदत होती. निसर्गविषयक शब्दांची चिकित्सा करणाऱ्याने न्यायासनासमोरील हा शब्द मात्र व्यवहारात तसाच चालू दिला. अखेर त्याने अठ्ठावीस कलमे मान्य केली; त्याचे पद गेले आणि ४०,००० पौंडांचा दंड झाला.

येथे अज्ञानाची सबब लागू पडत नाही. १६१२ च्या निबंधसंग्रहातील उच्चपदाविषयीच्या निबंधात त्याने घेणाऱ्याच्याच नव्हे, तर देणाऱ्याच्याही हातांना बंधन घालण्यास सांगितले होते. पदच्युतीनंतर, १६२५ च्या अठ्ठावन्न निबंधांच्या आवृत्तीतही त्याने तो उपदेश कायम ठेवला. हा दांभिकपणा म्हणावा काय? आमच्या मते, स्वतःविरुद्ध जाणारी साक्ष त्याने पुसली नाही, हेच येथे महत्त्वाचे आहे. तत्त्वज्ञ आणि राजपुरुष येथे एकच आहेत. शब्दाचा मोह ज्याने ओळखला, तोच त्यास बळी पडला.