तंबुऱ्याची गदा आणि दगडूची सावली

भिलाईजवळच्या गनियारी गावी १९५६ साली जन्मलेल्या तीजनबाईंचे चरित्र सांगण्याची एक ठरावीक रीत पडून गेली आहे. पारधी समाजातील मुलगी, बाराव्या वर्षी लग्न, पंडवानी गायिली म्हणून जातभाईंनी वाळीत टाकणे, एकटीचे झोपडे, पुढे हबीब तनवीरांची दृष्टी, भिलाई पोलाद कारखान्यातील नोकरी, २०१९ चा पद्मविभूषण. या मांडणीत बालपणीचे हाल ही नुसती पायरी ठरते. वर चढले की ती मागे पडली. सत्कारसभेला हे सोयीचे असते.

मराठी वाचकाने या रीतीकडे संशयाने पाहावे, कारण त्याच्यापाशी ‘बलुतं’ आहे. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनात दया पवार आपली हकीकत स्वतः सांगत नाहीत. ती दगडू मारुती पवार त्यांना सांगतो. लेखक आणि त्याचेच मागले नाव समोरासमोर बसतात. या युक्तीकडे केवळ निवेदनतंत्र म्हणून पाहणे अपुरे आहे. नोकरी, पांढरपेशी वस्ती, कवी म्हणून नाव, एवढे मिळूनही दगडू सावलीसारखा सोबत राहतो. दारूपायी गेलेला बाप, कावाखान्यातले दिवस आणि जातीचा अपमान यांनी घडवलेले मन प्रौढपणी संसारातही संशय आणि शरम घेऊन येते. सईशी झालेल्या काडीमोडाची पाने वाचताना याचा प्रत्यय येतो. येथे गरिबी संपते, तिचा परिणाम संपत नाही.

वैद्यकशास्त्र या निष्कर्षाकडे पुढे, वेगळ्या वाटेने आले. अमेरिकेत फेलिटी आणि आंडा यांनी १९९८ मध्ये बालपणीचे आघात व प्रौढ वयातील हृदयविकार, नैराश्य, व्यसन यांचा संबंध दाखविला. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने १९९३ पासून भोवतालच्या सहा खेड्यांतील माता व मुलांचा अभ्यास केला. कमी वजनाच्या अर्भकांतही चरबीचे प्रमाण अधिक आढळले आणि मधुमेहाचा धागा गर्भातील उपासमारीपर्यंत मागे नेता आला. दगडूला हे आकडे ठाऊक नव्हते. त्याचे सांगणे त्यांवाचूनही खरे होते.

मग तीजनबाईंच्या दुःशासनवधात त्यांचाच सूड वाचावा काय? हा मोह टाळावा. कथा त्यांना आजोबा ब्रिजलाल यांच्याकडून मिळाली, आणि तिचा क्रोध महाभारताचा आहे. त्यांचा स्वतःचा निर्णय उभे राहण्याचा: बायकांनी बसून, वेदमती शैलीत गावे असा प्रघात असता त्यांनी कापालिक शैली घेतली आणि हातातल्या तंबुऱ्याची गदा केली. वाळीत टाकलेल्या शरीराने मागितलेली ही जागा होय. त्या शरीराने त्यापायी काय सोसले, हे मात्र प्रयोग सांगत नाही. ते सांगण्याचे काम चरित्राचे. सन्मानपत्रांच्या नमुन्यावर बेतलेल्या चरित्रांत झोपड्याला एक ओळ मिळते, पदकाला परिच्छेद.