कमानींचें वर्णन व कालनिर्णय

जुन्या इमारतींच्या वर्णनांत ‘टोंकदार कमान, सबब मुसलमानी अमदानींतील काम’ असा निर्णय वारंवार आढळतो. पोथीचा काळ तिच्या बासनावरून ठरविण्याइतकाच तो भरंवशाचा होय.

कमान आकारानें होत नाहीं, रचनेनें होते. पाचरीसारखे घडविलेले दगड मध्याकडे रोंखून बसविले, म्हणजे ते एकमेकांस दाबून धरतात व भार तिरपा होऊन दोहों बाजूंस उतरतो. ही खरी कमान. उलटपक्षीं, आडवे थर थोडथोडे पुढें काढीत नेऊन त्यांच्या कडा गोलाईंत तासल्या, तरी समोरून कमानच दिसते. दोहोंतील भेद फक्त सांध्यांत कळतो.

दिल्लीच्या कुव्वत-उल्-इस्लाम मशिदीपुढील पडदभिंत पाहावी. ती इ. स. ११९९ ची. तिची मधली कमान सुमारें २२ फूट रुंद असून आकार टोंकदार आहे. सांधे मात्र आडवे! बांधविणारे नवे, पण हात येथल्याच पाथरवटांचे, हें त्या सांध्यांवरून उघड होतें. बल्बन इ. स. १२८७ त वारला. त्याच्या कबरीच्या इमारतींत खरी कमान दिसते, आणि इ. स. १३११ च्या अलाई दरवाजांत तर ती पूर्ण आत्मविश्वासानें बांधलेली आहे. आकारावर विसंबणाऱ्यास हें सुमारें शंभर वर्षांचें स्थित्यंतर दिसणारच नाहीं.

हिंदु शिल्पी कमानीस सदैव रेटा देणारी, म्हणून अविश्वासू मानीत, असें फर्ग्युसननें १८७६ च्या आपल्या ग्रंथांत सुचविलें. रेट्याची गोष्ट खरी आहे. परंतु कानपूर जिल्ह्यांतील भितरगांवचें गुप्तकालीन विटांचें देवालय या उपपत्तीस अडचणीचें आहे; तेथें गाभाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर विटांची खरी कमान आहे. अर्थात् एवढ्यावरून पुढें काढलेल्या प्रत्येक थरास ‘प्राचीन भारतीय कमान’ म्हणणारे आमचे उत्साही मित्रही बरोबर ठरत नाहींत. विटेंत जें साधलें तें दगडांत रूढ झालें नाहीं, एवढेंच म्हणतां येईल.

सबब वर्णनकारांनीं सांधे आडवे कीं मध्याकडे रोंखलेले, आणि माथ्याचा दगड पाचर कीं नुसतें झांकण, हें आधीं नोंदवावें. गिलाव्यामुळें दिसत नसल्यास तसें लिहावें. हें काम तांतडीचें आहे. डागडुजीच्या वेळीं सांधे सिमेंटनें सरसकट लिंपले जातात, आणि मग मागें उरतो तो केवळ आकार.