भोगवटादार म्हणजे मालक नव्हे : सातबारा 'डेटा' म्हणून वापरण्याआधी

शेतीवरच्या बऱ्याच प्रबंधांत 'जमीनमालकी' नावाचं एक चल असतं आणि त्याचा स्रोत म्हणून सातबारा दाखवलेला असतो. माझा आक्षेप इथेच आहे. सातबाऱ्यावरच्या त्या रकान्यात 'मालक' हा शब्दच नाही. तिथे 'भोगवटादार' आहे. आपण त्याचं भाषांतर मालक असं करून टाकतो आणि पुढचं सगळं विश्लेषण त्यावर उभं करतो.

आधी कागद समजून घेऊ. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंदवही. हे दोन्ही महसुलासाठी जन्माला आले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 नुसार यातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानायची. म्हणजे हे गृहीतक आहे, पुरावा देऊन खोडता येणारं. फेरफाराने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सावर्णी विरुद्ध इंदर कौर (1996) या निकालात स्पष्ट केलंय.

आता बीडकडे या. हा जिल्हा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे इथल्या कागदांत मदतमाश, खिदमतमाश असे शब्द भेटतात. मदतमाश म्हणजे निर्वाहासाठी दिलेलं इनाम. खिदमतमाश म्हणजे देवस्थान, दर्गा, मशिदीच्या सेवेसाठी दिलेलं. सेवा करणाऱ्याचं नाव कागदावर दिसलं म्हणून जमीन त्याची होत नाही. मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं : मालक देवता, पुजारी फक्त व्यवस्था पाहणारा. वर्ग 1 आणि वर्ग 2 मधला फरकही असाच महत्त्वाचा. वर्ग 2 ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. दोघांकडे पाच-पाच एकर असली तरी कर्ज काढण्याची, विकण्याची ताकद सारखी नाही. तुमच्या तक्त्यात मात्र दोघे एकाच गटात!

जुन्या उताऱ्यांवर नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसेल. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे थोरल्या भावाचं नाव सगळ्यांच्या वतीने लागलंय. कुठे बहिणींची नावं 'इतर हक्क' रकान्यात असतात. तुम्ही फक्त भोगवटादार मोजलात की बहिणींचा वारसाहक्क तुमच्या आकडेवारीतून गायब होतो, आणि मग आपणच निष्कर्ष लिहितो की बायकांकडे जमीन नाही.

तिसरी अडचण कसणाऱ्याची. दिवाळीच्या आसपास बीडमधली हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. मागे जमीन कधी भावाकडे, कधी बटईने. बटई बहुतेक तोंडी. सातबाऱ्यावर नाव एकाचं, घाम दुसऱ्याचा. पीक बुडालं तर अनुदान आणि विम्याचा प्रश्न नावावर अडतो. खताचा वापर किंवा पाण्याचा निर्णय अभ्यासायचा असेल तर मुलाखत नेमकी कुणाची घ्यायची?

सातबाऱ्याला दोष देऊन मोकळं होण्यात अर्थ नाही. 2020 मध्ये नमुना सुधारला. त्यावर प्रलंबित फेरफार दिसतो, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख दिसते. वाचणाऱ्याची सोय झालीय. पण कागद ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायला बनलाच नाही, ते त्याच्याकडून काढून घेणं ही आपली चूक.

म्हणून प्रस्ताव लिहिताना 'मालकी' हा एक रकाना खोडा आणि तीन करा : नोंद कुणाची, हक्क कुणाकुणाचा, कसतं कोण. सोबत भूधारणा वर्ग आणि फेरफार क्रमांक घ्या. इतर हक्क रकाना पूर्ण उतरवून घ्या. क्षेत्रकामाला दोन दिवस जास्त लागतील, नमुना थोडा लहान होईल. मार्गदर्शक विचारतील, एवढा खटाटोप कशाला? तेव्हा उतारा समोर ठेवा आणि त्यावर 'मालक' हा शब्द शोधून दाखवायला सांगा.