हौशी चित्रकाराचे अंतराळयान : संगणकनिर्मित विज्ञानचित्रांच्या समीक्षेचे काही निकष

प्रस्तावना

मराठी विज्ञानकथेची समीक्षा आता बऱ्यापैकी रुळली आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा डॉ. जयंत नारळीकर यांची होती, ही हकिकत साहित्याच्या बहुतेक अध्यापकांना ठाऊक असते. २०२१ साली नाशिक येथे भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले, तेव्हा या वाङ्मयप्रकाराच्या प्रतिष्ठेवर एक प्रकारे शिक्कामोर्तबच झाले. विज्ञानचित्राच्या वाट्याला मात्र असे भाग्य आलेले नाही. कथेतील यानाची चर्चा होते. चित्रातील यानाकडे मुखपृष्ठाची सजावट म्हणून पाहिले जाते.

आज ही उपेक्षा अधिक जाणवते, कारण असे चित्र काढण्याचे साधन सर्वांच्या हाती आले आहे. ‘ब्लेंडर’ ही त्रिमितीय चित्रांकनाची संगणकप्रणाली २००२ साली मुक्त झाली आणि २०११ अखेरीस तिला ‘सायकल्स’ हे प्रकाशाचे गणित करणारे अंग लाभले. एक बरा संगणक आणि चिकाटी असली, की तालुक्याच्या गावातील विद्यार्थीही घरी बसून तारकायुद्धाचे दृश्य उभे करू शकतो. तो ते आपल्या प्राध्यापकांना दाखवतो. उत्तरादाखल त्याला बहुधा “छान आहे” एवढेच ऐकावे लागते, नाहीतर “अभ्यासाकडे लक्ष दे” असा उपदेश. या दोन्ही उत्तरांत चित्र पाहिले गेलेले नसते. प्रस्तुत लेखात अशा चित्रांच्या समीक्षेसाठी काही निकष सुचविण्याचा प्रयत्न केला आहे.

चार पेपर आणि संगणक

महाराष्ट्रातील एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांशी आपल्यापैकी अनेकांचा शालेय जीवनात परिचय झालेला असतो. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती व अक्षरलेखन ही त्या परीक्षांतील विभागणी येथे चांगली उपयोगी पडते.

यांपैकी भूमितीचे काम संगणकाने जवळजवळ पूर्णपणे आपल्याकडे घेतले आहे. यथादर्शन चुकत नाही, लंबवर्तुळ वाकडे होत नाही, छाया नेमकी पडते. परिणामी चित्राला प्रथमदर्शनीच एक सफाई येते आणि पाहणारा दिपून जातो. परंतु ही सफाई साधनाची आहे. तिचे गुण चित्रकाराला देता येत नाहीत. समीक्षकाने पाहावयाचे ते उरलेल्या तीन पेपरांचे उत्तर. चित्रकाराने खरी यंत्रे पाहिली आहेत काय? त्याच्या स्मरणात काय साठले आहे? आणि त्या साठ्यातून त्याने स्वतःची संकल्पना बांधली आहे काय?

यंत्राचे वस्तुचित्र

यंत्र पाहण्याची सोय आपल्या जिल्ह्यात अन्यत्र क्वचितच आढळेल अशी आहे. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे १९९४ साली सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात चर्चिल, व्हॅलेंटाइन, सेंच्युरियन, पॅटन, विजयंता असे रणगाडे जवळून पाहता येतात. त्यांच्यासमोर उभे राहिले, की एक गोष्ट ध्यानात येते : तेथील प्रत्येक आकाराला कारण आहे. पुढचा पत्रा तिरका आहे, कारण तिरप्या पत्र्यातून गोळ्याला अधिक जाडी भेदावी लागते आणि तो घसरून जाण्याचाही संभव असतो. पट्टा रुंद आहे, कारण वजन मोठ्या क्षेत्रावर विभागले नाही तर गाडी मऊ जमिनीत रुतेल. झाकणाचे माप माणसाच्या खांद्यांवरून ठरले आहे.

या ठिकाणी विज्ञानपटांच्या इतिहासातील एक तपशील उद्बोधक ठरतो. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील यानांच्या प्रतिकृती घडविणाऱ्या कारागिरांनी बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या व अन्य लष्करी वाहनांच्या प्लॅस्टिक खेळसंचांतील सुटे भाग यानांच्या पृष्ठभागावर चिकटवले होते. हेतू एवढाच, की पृष्ठभाग गुंतागुंतीचा दिसावा आणि यान प्रचंड वाटावे. पडद्यावर ती युक्ती कमालीची यशस्वी झाली. मात्र पुढे हौशी चित्रकारांनी त्या चित्रपटांतून यान शिकताना ही युक्तीच यानाचे लक्षण मानली. अर्थ गमावलेला रणगाड्याचा तुकडा आता नकलेची नक्कल होऊन संगणकावर उमटतो. स्मरणचित्राचा पेपर असा दुसऱ्याच्या स्मरणातून लिहिला जातो.

प्रकाश आणि अंतर

दुसरा निकष प्रकाशाचा. अकोले तालुक्यातील कळसूबाईच्या १६४६ मीटर उंचीच्या माथ्यावरून पाहिले, तर जवळची डोंगररांग गडद, पुढची निळसर आणि त्यापुढची जवळजवळ आकाशात विरलेली दिसते. निसर्गचित्रकार अंतर दाखवतो ते हवेच्या या पडद्याच्या आधारे. अंतराळात हवा नाही. तेथे दूरचे यानही जवळच्या यानाइतकेच रेखीव दिसेल आणि सावलीच्या कडा धारदार राहतील. सावलीत उजेड पोचेल तो ग्रहाच्या किंवा यानाच्याच पृष्ठभागावरून परावर्तित होऊन.

अनेक हौशी चित्रांत मात्र यानामागे धुके असते, तीन दिशांनी दिवे लावलेले असतात आणि सूर्य नेमका कोठे आहे हे सांगता येत नाही. प्रणाली तिला दिलेल्या दिव्यांचा हिशेब चोख करते. दिवे कोठे ठेवावेत हे ती सांगत नाही. याची तुलना ३० ऑगस्ट २०२३ रोजी ‘प्रज्ञान’ या बग्गीने टिपलेल्या ‘विक्रम’च्या छायाचित्राशी करून पाहावी. त्यात चमकदार इंजिन नाही, रंगीत तेजोमेघ नाहीत. चार पायांवर उभे असलेले, उष्णतारोधक वेष्टणाने गुंडाळलेले एक ओबडधोबड यंत्र आहे. आणि तरीही ते चित्र खिळवून ठेवते, कारण त्यातील प्रत्येक वस्तू कोणत्या तरी गरजेपोटी तेथे आली आहे.

अंतरदर्शक हवा नसल्याने आकारमान दाखविण्याचा भारही तपशिलावर येतो. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाची लांबी सुमारे १०९ मीटर आहे. समजा, एखाद्या चित्रातील मालवाहू यान एक किलोमीटर लांबीचे कल्पिले आहे. त्याच्या खिडक्या यानाच्या उंचीच्या दहाव्या हिश्शाएवढ्या असतील, तर पाहणाऱ्याला ते एसटी बसएवढेच वाटेल. एक शिडी, एक दार किंवा बाहेर दुरुस्ती करणारी एक मनुष्याकृती योग्य मापात आली, की तेच यान एकाएकी विशाल होते. असा अभिप्राय चित्रकाराला उद्या सकाळी कामाला लावू शकतो. “छान”मध्ये ती शक्ती नाही.

जाणीवपूर्वक सोडणे

येथे एक आक्षेप संभवतो. कलाकृतीला अभियांत्रिकीच्या फुटपट्टीने मोजणे हा रसहानीचा मार्ग नव्हे काय? प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) मधील गरुडाकृती विमान कसे उडते, असे कोणी विचारत नाही. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर १९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात सापडते. त्यातील ‘डिस्कव्हरी’ या यानाला आरंभीच्या आराखड्यांत उष्णता बाहेर टाकणारे मोठे पंखे होते. निर्वातात उष्णता केवळ प्रारणाने बाहेर जाते, म्हणून शास्त्रदृष्ट्या ते आवश्यकच होते. परंतु प्रेक्षक त्यांना उडण्याचे पंख समजतील आणि हवा नसलेल्या जागी पंख कशाला, असे विचारतील, म्हणून ते काढून टाकले गेले. विज्ञानाच्या दृष्टीने ही त्रुटी. पण ती ठाऊक असून पत्करलेली आहे.

यावरून मुख्य निकष हाती येतो. चित्र अचूक आहे की नाही, हा प्रश्न दुय्यम होय. चित्रकाराने एखादी गोष्ट जाणून सोडली आहे की ठाऊक नसल्याने ती सुटली आहे, हा खरा प्रश्न. पहिली त्रुटी शैली ठरते, दुसरी उणीव राहते. तुकोबांच्या विमानाला इंजिन नको, कारण ते भक्तीच्या बळावर निघाले आहे आणि चित्रपट तसेच सांगतो. जे यान आपल्या अंगावर नळ्या, झडपा व इंजिने मिरवते, ते मात्र स्वतःच यंत्र असल्याचा दावा करते. त्या दाव्याची तपासणी होणारच.

दावा आणि चित्र यांची गल्लत झाली म्हणजे काय होते, याचेही उदाहरण आहे. ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातील शकुन, सुंदर, रुक्म व त्रिपुर विमानांच्या आकृत्या विसाव्या शतकात एका आरेखकाने काढल्या. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी त्यांची तपासणी केली. ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि ही विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. कल्पनाचित्रे म्हणून त्या आकृत्यांकडे कुतूहलाने पाहता येते. पुरावा म्हणून त्या पुढे केल्या गेल्या, तेव्हाच त्या हास्यास्पद ठरल्या. विद्यार्थ्याला हा भेद समजावून देणे हे विज्ञानाच्या आणि कलेच्या अध्यापकाचे समान कर्तव्य आहे.

निष्कर्ष

अभिप्राय देताना अध्यापकाने तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. हे यान कशासाठी आहे? त्यात कोण राहते? सूर्य कोठे आहे? पहिल्या प्रश्नातून आकार, दुसऱ्यातून माप आणि तिसऱ्यातून प्रकाश दुरुस्त होतो. उत्तरे चित्रकारानेच द्यावयाची आहेत. तो संगणकशास्त्राचा विद्यार्थी असो वा वाणिज्य शाखेचा, या प्रश्नांपाशी भौतिकी, चित्रकला आणि साहित्य त्याला एकत्र भेटतात. आपल्या महाविद्यालयांत आंतरविद्याशाखीयतेची चर्चा परिसंवादांतून पुष्कळ होते. येथे ती एका विद्यार्थ्याच्या संगणकाच्या पडद्यावर सहज उपलब्ध आहे.

हौस हा शब्द आपण कमीपणाने वापरतो. परंतु गुण, पदवी वा मोबदला यांपैकी कशाचीही अपेक्षा नसताना एका सावलीसाठी रात्र जागवणारा विद्यार्थी शिक्षणाच्या मूळ हेतूच्या फार जवळ असतो. त्याच्या चित्रातील दोष नेमकेपणाने दाखविणे म्हणजे त्याचे श्रम गांभीर्याने घेणे होय. तेवढे ऋण अध्यापकाने फेडावयास हवे.