आमरीचा ग्रंथ आणि वसमतची हळद

चार्ल्स डार्विनचें नांव उच्चारलें कीं १८५९ सालचा त्याचा जातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ सर्वांस आठवतो. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनीं, १८६२ सालीं, लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकानें काढलेला त्याचा आमरीच्या फुलांवरील ग्रंथ मात्र वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांखेरीज फारसा कोणी उघडीत नाहीं. ही उपेक्षा अनाठायीं आहे. पहिल्या ग्रंथांत मांडलेला सिद्धांत एकेका फुलाच्या घडणींत कितपत टिकतो, याची परीक्षा या ग्रंथांत आहे, आणि परीक्षक स्वतः सिद्धांतकारच असूनहि ती कठोर आहे. १८७७ सालीं त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ति निघाली. ऑर्किड या नांवानें जीं फुलें आज शहरांतील दुकानांत विकावयास येतात तींच हीं आमरीचीं फुलें. हिंगोली जिल्ह्याच्या कोरड्या, काळ्या मुलखांत तीं क्वचितच दिसावयाचीं. तरीहि हा ग्रंथ हिंगोलीच्या वाचकानें अगत्य वाचावा असें आमचें मत आहे, आणि त्याचें कारण त्या जिल्ह्यांतील हळदीच्या शेतांत आहे. आधीं ग्रंथाकडे पाहूं.

ग्रंथाचें प्रतिपाद्य थोडक्यांत सांगतां येईल. आमरीच्या फुलाची ती नाना तऱ्हेची घडण केवळ शोभेसाठीं नसून, एका फुलाचे पराग कीटकाकरवीं दुसऱ्या फुलावर पोंचावेत यासाठीं आहे, आणि अशा परसंकरानें संतति सबळ होते. हें सिद्ध करतांना डार्विन मोठमोठ्या शब्दांचा आश्रय घेत नाहीं. साधी शिसपेन्सिल घेऊन तो तिचें टोंक फुलाच्या मुखांत घालतो. पेन्सिल बाहेर येते ती परागांचा एक पुंज चिकटवून घेऊनच. हा पुंज प्रथम ताठ उभा असतो. सुमारें अर्ध्या मिनिटांत तो आपोआप पुढें वांकून आडवा होतो. आतां तीच पेन्सिल दुसऱ्या फुलांत घातली तर पुंज नेमका पराग स्वीकारणाऱ्या चिकट भागावर जाऊन टेकतो. तो न वांकता तर भलत्याच जागीं आदळता. कीटकाला एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्यास जो वेळ लागावयाचा त्याच्याशीं हा वांकण्याचा वेळ जुळतो, हें ध्यानांत आलें कीं वाचक पुस्तक खालीं ठेवून क्षणभर विचार करूं लागतो.

याहून धाडसाचा प्रसंग मादागास्कर बेटांतील एका आमरीचा. तिच्या पांढऱ्या, ताराकृति फुलाला मागें साडेअकरा इंच लांबीची नळी असते आणि मकरंद तिच्या तळाच्या दीड इंचांतच सांठतो. तेवढ्या लांब सोंडेचा पतंग त्या बेटांत असलाच पाहिजे, असें डार्विननें लिहून ठेविलें. कित्येक कीटकशास्त्रज्ञांनीं त्याची थट्टा केली. पुढें १९०३ सालीं, म्हणजे डार्विनच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनीं, तशा पतंगाचें वर्णन प्रसिद्ध झालें. दुसरें उदाहरण दक्षिण अमेरिकेंतील कॅटासेटमचें. निरनिराळ्या वंशांचीं म्हणून शास्त्रज्ञांनीं गणलेलीं फुलें एकाच झाडावर आढळलीं आणि सारे बुचकळ्यांत पडले. फुलें चिरून पाहून डार्विननें दाखविलें कीं हा भेद वंशांचा नसून नर-मादीचा आहे.

गुणांप्रमाणें दोषहि सांगितले पाहिजेत. ग्रंथाची मांडणी सावकाराच्या खतावणीसारखी आहे: एका जातीमागून दुसरी जाति, एका पाकळीमागून दुसरी पाकळी. चित्रें नसतीं तर सामान्य वाचकानें मधल्या प्रकरणांतच पुस्तक मिटलें असतें. परंतु खरे दोष विचारांतले आहेत. जर्मन पंडित श्प्रेंगेल यानें १७९३ सालींच म्हटलें होतें कीं कांहीं आमरींच्या नळींत मकरंद नसतोच; फूल कीटकाला निव्वळ फसवितें. डार्विनला हें पटेना. पिढ्यान् पिढ्या फसत राहण्याइतका कीटक मूर्ख असेल असें त्यास वाटेना, म्हणून नळीच्या दुहेरी पडद्यांत रस असावा व कीटक पडदा भोंसकून तो पीत असावा, अशी तोड त्यानें काढली. अखेर श्प्रेंगेलच खरा ठरला. आमरींच्या जातींपैकीं सुमारें एकतृतीयांश कीटकाला कांहींच मोबदला देत नाहींत असें आज मानतात. कांहीं तर मादी कीटकाचें रूप व गंध धारण करून नराला भुलवितात. जीवनकलहाचें निर्दय रूप ज्यानें जगास दाखविलें त्यानेंच फुलाच्या प्रामाणिकपणावर असा विश्वास ठेवावा, हें नवल खरें.

दुसरी उणीव बीजासंबंधींची. एका झाडावर १,८६,३०० बीजें होतात असा हिशेब त्यानें केला. सर्व रुजलीं तर त्या एका झाडाच्या पणतवंडांनीं पृथ्वीवरील जवळजवळ सारी जमीन झांकून जाईल, असें गणितहि मांडलें. मग तसें कां होत नाहीं, याचें उत्तर त्याला सांपडलें नाहीं. धुळीसारख्या त्या बीजांत अन्नाचा सांठा जवळजवळ नसतोच; योग्य त्या बुरशीनें पोसलें तरच तें निसर्गांत रुजतें. हें रहस्य फ्रान्सच्या नोएल बेर्नार यानें १८९९ सालीं उलगडलें. म्हणूनच सह्याद्रींतील झाडावरची आमरी ओरबाडून घरच्या सज्जांत टांगली म्हणजे तिचें रक्षण झालें असें समजूं नये. तिचा आधारवृक्ष, तिचा कीटक आणि तिची बुरशी हीं तिन्हीं रानांतच राहिलेलीं असतात. तिसरी उणीव सर्वांत मोठी. मेंडेलचा वाटाण्यांवरील निबंध १८६६ सालीं छापला गेला, पण १९०० पर्यंत तो अडगळींत पडून होता. परसंकरानें संतति सबळ होते हें डार्विननें पाहिलें, १८७६ च्या स्वतंत्र ग्रंथांत प्रयोगांनीं दाखविलेंहि. परंतु आनुवंशिकतेचे नियम ठाऊक नसल्यामुळें तसें कां होतें हें त्याला सांगतां आलें नाहीं.

ग्रंथांतील आणखी एक चूक आपणांस थेट हळदीकडे नेते. आमरीच्या फुलाचा ठसठशीत ओठ एक पाकळी व दोन पुंकेसर मिळून झाला आहे असें डार्विनचें मत होतें. पुढील शास्त्रज्ञांनीं तें मानलें नाहीं. तो ओठ पाकळीच होय. हळदीच्या फुलाचा ओठ मात्र खरोखरच वंध्य पुंकेसरांचा झालेला असतो. दोन्ही कुळांत बहुधा एकच पुंकेसर सफल राहिला आणि कीटकाला उतरण्यास ओठाचें आसन तयार झालें. निसर्गानें दोन वेगळ्या वाटांनीं साधलेली ही एकच युक्ति आहे.

भाद्रपद-आश्विनांत वसमत, कळमनुरी किंवा औंढा नागनाथच्या शेतांत हळदीचा फुलोरा पानांमधून वर येतो आणि फिकट हिरव्या-पांढऱ्या आच्छादनांतून पिवळसर फुलें डोकावतात. डार्विनच्या मतें एवढा थाट परसंकरासाठीं. परंतु शेतकऱ्याला विचारा, हळदीचें बीं त्यानें बहुधा जन्मांत पाहिलेलें नसतें. कारण पेशींत आहे. हळदीच्या पेशींत एकवीस-एकवीस रंगसूत्रांचे तीन संच, म्हणजे एकूण ६३ रंगसूत्रें असतात. पराग व बीजांड बनतांना रंगसूत्रांनीं जोड्या लावून निम्में निम्में वांटून घ्यावयाचें असतें. तिघांची जोडी नीट लागत नाहीं, वांटणी बिघडते आणि फूल बहुधा वांझ राहतें. पीक चालतें तें बेण्यावर. जेठे गड्डे व बगल गड्डे जपून ठेवावयाचे आणि उन्हाळा सरतांना पुन्हा लावावयाचे. यंदाचें झाड हें गेल्या वर्षीच्या झाडाचें अपत्य म्हणतां येणार नाहीं. तेंच शरीर पुढें चाललेलें असतें. त्यांत मराठवाड्यांतील बहुतेक लागवड सेलम या एकाच वाणाची. एकसारखें पीक सोईचें असतें, एकाच वेळीं काढतां येतें, बाजारांत एकाच भावानें जातें, हें खरें. पण कंदकूज किंवा करपा एका शेतांतून दुसऱ्या शेतांत गेला तर त्याला अडविणारें वेगळें रक्त तेथेंहि भेटत नाहीं.

अशा एकसारखेपणाचें फळ डार्विनच्या हयातींतच आयर्लंडनें भोगलें होतें. तेथील गरिबांचा बटाटा मुख्यतः एकाच वाणाचा आणि गड्ड्यापासूनच लावलेला. १८४५ पासून त्याच्यावर करपा पडला, राज्यकर्त्यांच्या बेपर्वाईची त्यांत भर पडली, आणि सुमारें दहा लाख माणसें उपासमारीनें व रोगराईनें मेलीं. पुढें बेल्फास्टचा जेम्स टॉर्बिट हा व्यापारी परसंकरित बीजापासून करप्यास न जुमानणारे बटाटे काढूं लागला. तेव्हां डार्विननें त्याच्याशीं पत्रव्यवहार ठेविला, स्वतः पैसे दिले आणि मित्रांकडूनहि मिळवून दिले. आमरीच्या फुलाचा शेतकऱ्याच्या पोटाशीं संबंध आहे, हें ग्रंथकारानें असें कृतीनें दाखविलें आहे.

हळदीच्या बाबतींतहि आशेला जागा आहे. वर ‘बहुधा वांझ’ असें म्हटलें तें जाणूनबुजून. क्वचित् फुलाला बीं धरतें. केरळांत कोळिकोड येथें भारतीय मसाले संशोधन संस्था आहे. तिनें अशा बीजांपासून उगवलेल्या रोपांतून निवड करूनच ‘प्रभा’ व ‘प्रतिभा’ हे वाण तयार केले. २०२४ सालीं वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालें याचा आनंद रास्त आहे. परंतु मानांकनानें गांवाच्या नांवाचें रक्षण होतें, पिकाच्या रक्तांतील विविधता वाढत नाहीं. त्याकरितां जुनीं घरगुती बेणीं आणि रानांतील रानहळदी यांची जिवंत जोपासना झाली पाहिजे. वसमत येथें हळदीच्या संशोधनाचें केंद्र स्थापन झालें आहे. तेथील जमिनीवर अशा बागेला पहिला मान मिळावा. रान राखणें हा शहरी हौशी लोकांचा छंद आहे असा समज आपल्याकडे रूढ आहे. ज्या पिकावर घरची लग्नें, मुलांचीं शिक्षणें आणि कर्जाचे हप्ते अवलंबून आहेत त्याचे सगेसोयरे त्याच रानांत आहेत, हें कळलें म्हणजे तो समज टिकत नाहीं.

एकंदरींत हा ग्रंथ सलग वाचण्यास जड, परंतु फिरफिरून उघडण्यास योग्य आहे. त्यांतील निष्कर्षांपैकीं कांहीं खोटे ठरले, तरी पाहण्याची रीति खोटी ठरलेली नाहीं. हिंगोलीच्या एखाद्या कॉलेजांतील विद्यार्थ्यानें येत्या आश्विनांत आठ दिवस सकाळीं हळदीच्या वाफ्याशीं बसावें, फुलावर कोणता कीटक येतो, त्याच्या अंगाला पराग लागतात काय आणि शेवटीं एखाद्या फुलाला बीं धरतें काय, याची तारीखवार टिपणी ठेवावी. तसें झालें तर ग्रंथाचें आमच्याहून चांगलें परीक्षण त्याच्या वहींत सांपडेल.