मदतीची हाक आणि ऐकणारे : ‘कमला’तील सरिताचा पुनर्विचार

विजय तेंडुलकर यांचे ‘कमला’ हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. त्याच वर्षी ‘इंडियन एक्स्प्रेस’चे पत्रकार अश्विनी सरीन यांनी एक स्त्री विकत घेऊन स्त्रियांच्या खरेदी-विक्रीचा व्यवहार उजेडात आणला होता. त्या घटनेची पार्श्वभूमी या नाटकाला आहे. साहजिकच नाटकाचा विचार शोधपत्रकारितेची नीती आणि प्रसिद्धीची हाव या अंगाने अधिक होत आला. पत्रकार जयसिंग जाधव याची पत्नी सरिता ही कमलामुळे आत्मभान आलेली स्त्री म्हणून ओळखली गेली. नाटकाच्या अखेरीस ती घर सोडत नाही, तेव्हा हे भान कृतीपर्यंत पोहोचत नाही, असा आक्षेप तिच्यावर घेतला जातो. हा आक्षेप सरिताच्या निर्णयाकडे पाहतो. त्या निर्णयाआधी तिने कोणाजवळ तोंड उघडले आणि तिला काय उत्तर मिळाले, हा प्रश्न मात्र मागे राहतो. नाटकाचे मर्म याच प्रश्नात आहे.

सरिताच्या अंगावर दाखवता येईल अशी जखम नाटकात कोठेही नाही. जयसिंगची सत्ता दैनंदिन व्यवहारातून व्यक्त होते. तो घरी नसताना आलेल्या प्रत्येक दूरध्वनीची नोंद सरिताने ठेवायची असते. काकासाहेब फोन घेतात आणि बोलणाऱ्याचे नाव विचारत नाहीत, एवढ्यानेही ती अस्वस्थ होते. पती काय विचारील याचा अंदाज तिच्या मनात सतत चालू असल्याची ही खूण आहे. जयसिंगच्या योजना तिला आधी कळत नाहीत. त्याला हवे तेव्हा तिने त्याच्याजवळ यावे, असे तो गृहीत धरतो आणि तिचा नकार त्याला अपमान वाटतो. कमलाला घरातच ठेवावे असे सरिता सुचवते, तेव्हा या घरातले निर्णय आपणच घेतो, हे तो तिला स्पष्टपणे बजावतो. यांपैकी कोणताही प्रसंग एकटा काढून सांगितला, तर ऐकणाऱ्याला तो क्षुल्लक वाटेल. मानसिक छळाचे स्वरूपच असे असते. तो घटनेत सापडत नाही, घटनांच्या साखळीत सापडतो. म्हणूनच पीडितेला तो सांगणे अवघड जाते.

हा छळ घराबाहेरच्या कोणाला दिसतच नाही, असेही नाटककाराने दाखवलेले नाही. जयसिंगचा पत्रकार मित्र जैन सरिताला थट्टेने वेठबिगार म्हणतो. शोषणाविरुद्ध लिहिणारा माणूस स्वतःच्या घरात पत्नीला राबवतो, ही विसंगती त्याने नेमकी टिपलेली आहे. परंतु त्याचे निरीक्षण विनोदात विरून जाते. पाहणाऱ्याला कळते, तो ते बोलूनही दाखवतो आणि काहीही बदलत नाही. सरिताच्या एकाकीपणाचे हे पहिले कारण आहे.

तिला पहिला खरा संवाद मिळतो तो कमलाकडून. बिहारमधील बाजारात अडीचशे रुपयांना विकत घेतलेली ही आदिवासी स्त्री सरिताला सहजपणे विचारते, की तुला केवढ्याला घेतले? या प्रश्नात कणव नाही, उपदेशही नाही. आपल्यासारखीच ही दुसरी, एवढीच तिची समजूत आहे. पुढे ती कामाची आणि पतीच्या सहवासाची वाटणीही सुचवते. सरिताच्या स्थितीला नाव देण्याचे काम शिकलेल्या माणसांच्या वर्तुळात कोणी केले नव्हते. ते कमलाच्या या प्रश्नाने होते. मात्र दोघींचा हा संवाद वाढण्यापूर्वीच जयसिंग कमलाची रवानगी अनाथाश्रमात करतो. आसरा देणारी संस्थासुद्धा नियंत्रण करणाऱ्याच्या हातचे साधन होऊ शकते, हे येथे सूचित होते.

यानंतर सरिता वळते ती काकासाहेबांकडे. महाराष्ट्रातून दिल्लीला आलेले हे काका जुन्या पिढीतील ध्येयवादी पत्रकार आहेत. जयसिंगच्या पत्रकारितेतील पोकळपणा त्यांना स्पष्ट दिसतो. दिल्लीसारख्या परक्या शहरात सरिताला माहेरचे म्हणावे असे तेवढे एकच माणूस जवळ आहे. त्यांच्यापाशी ती मन मोकळे करते. पत्रकार परिषद घेऊन, या राजधानीत आजही गुलाम बाळगणारा माणूस म्हणून आपल्या पतीला उभे करण्याचा बेत ती बोलून दाखवते. काकासाहेब तिची हेटाळणी करीत नाहीत. आपणही पत्नीशी असेच वागलो, अशी कबुली ते देतात. त्यांचा प्रामाणिकपणा निःसंशय आहे. पण त्यातून सरिताच्या हाती काय पडते? तिचे दुःख खरे ठरते आणि त्याच क्षणी ते सार्वत्रिक, म्हणून अटळही ठरते. नातेवाइकांकडून पीडितेला पुष्कळदा मिळते ते हेच उत्तर : तुझे खरे आहे, पण जगाची रीतच अशी आहे. अविश्वासाला प्रतिवाद करता येतो. अशा समजूतदारपणाला तो करता येत नाही.

त्याच सुमारास मालकाने जयसिंगला नोकरीवरून काढल्याची वार्ता येते आणि सरिता आपला बेत पुढे ढकलते. याला शरणागती म्हणण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. एक, पती संकटात असताना त्याला सावरण्याची सवय हाच तिच्या बंधनाचा सर्वांत चिवट धागा आहे. दुसरी, आपण कधीतरी गुलाम असणार नाही, हे ती त्याच प्रसंगी निश्चयाने सांगते. निर्णय लांबणीवर पडला तरी जाणीव मागे फिरलेली नाही.

आणखी एक प्रश्न उरतो : सरितापुढे दुसरा कोणता मार्ग होता? १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात क्रूरता हे घटस्फोटाचे कारण झाले होते. म्हणजे तेव्हा कायद्याजवळ तिच्यासाठी विवाह संपवण्याचा मार्ग होता. घरात राहून संरक्षण मागण्याचा सोपा मार्ग नव्हता. मानसिक छळाचाही समावेश करणारे भारतीय दंड संहितेतील कलम ४९८-अ १९८३ मध्ये आले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ यांनी घेतली आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी अंमलात आला. त्याच्या कलम ३ ने शारीरिक इजेबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळालाही हिंसाचार मानले. संरक्षण अधिकाऱ्याकडे जाणे, सामाईक घरात राहण्याचा हक्क, न्यायदंडाधिकाऱ्याकडून संरक्षणाचा आदेश, हे सारे विवाह न मोडताही मागता येते. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला, उत्पन्न कितीही असले तरी, विनामूल्य वकील मिळू शकतो. घर सोडणे अथवा सोसणे, या दोनच पर्यायांत कोंडलेल्या सरिताला तिसरा पर्याय देणारी ही तरतूद आहे.

तथापि, कायदा आल्याने ‘कमला’ कालबाह्य झाले, असे म्हणता येत नाही. कोणत्याही कार्यालयात जाण्यापूर्वी पीडित स्त्री बहुधा एखाद्या काकासाहेबांशी बोलते. त्या पहिल्या संभाषणात तिला जगाची रीत ऐकवली गेली, तर पुढची दारे उघडी असूनही तिच्यासाठी बंदच राहतात. २००५ च्या कायद्यातील कलम ४ नुसार, हिंसाचाराची माहिती कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकते. ऐकणाऱ्याची ही जबाबदारी तेंडुलकरांनी नाट्यरूपाने पंचवीस वर्षे आधीच दाखवून दिली होती. सरिताच्या धैर्याचे मोजमाप करण्याआधी जैन आणि काकासाहेब यांच्या वाट्याला आलेल्या संधींचा हिशेब समीक्षेने मांडणे, म्हणूनच आवश्यक ठरते.